भाग दोनसाठी तोच तडा

चित्रपटाचं नाव मी लिहू शकत नाही. तो पडद्यावर येईपर्यंत तोंड बंद ठेवीन, असं त्यांनी माझ्याकडून सही घेऊन कबूल करून घेतलं आहे. तेव्हा ‘भाग एक’ आणि ‘भाग दोन’ एवढ्यावर भागवून घ्या. राजे, राक्षस, उडणारे घोडे, हत्तींच्या लढाया असा तो प्रकार. घरात शाळकरी पोर असेल तर त्यानं एव्हाना ओळखलंही असेल.

नंदाताईंबद्दल लिहू का, हे मात्र मी त्यांना विचारलं. ‘लिहा, पण तुमची बाजू सावरून नका लिहू,’ म्हणाल्या. त्यामुळे हा लेख लिहिताना मला जरा त्रास होतो आहे, आणि तो व्हायलाच हवा.

नागपूरजवळ हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत माझी फायबरच्या कामाची शेड आहे. बाहेरच्या माणसाला हा धंदा समजावून सांगायचा तर असा: आधी मातीची मूर्ती करायची, मूर्तीवरून साचा काढायचा. साच्याला आतून मेण चोळायचं. मग काचेच्या धाग्यांची चटई, तिला आम्ही मॅट म्हणतो, ती आत अंथरायची आणि तिच्यात रेझिन नावाचा मधासारखा चिकट द्रव ब्रशनं मुरवायचा. रेझिनमध्ये हार्डनर घातलेलं असतं. त्यामुळे ते वाळत नाही, जमतं. दही जमावं तसं. जमलं की साच्यातून ओढून काढायचं, घासायचं, खड्ड्यांत लांबी भरायची. लांबी म्हणजे गाड्यांचे डेंट बुजवायला गॅरेजवाले वापरतात तो लगदा. मग रंग. एवढंच. यात सगळ्यात अवघड काम वाट पाहण्याचं आहे. थंडीत जमता जमत नाही आणि आपल्या मे महिन्यात मग्यातच दगड होऊन बसतं.

या धंद्यात मी पाण्याच्या टाक्या केल्या, बागेतले तोंड उघडून कचरा मागणारे पेंग्विन केले, एका कोचिंग क्लासच्या गच्चीवर रॉकेट बसवलं. वर्धा रोडवरच्या एका ढाबेवाल्याला दुमजली संत्रं हवं होतं. केलं. मग त्याला मधल्या फोडीवर स्वर्गवासी वडिलांचा चेहरा हवा झाला. तोही केला. उद्घाटनाच्या दिवशी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘भाऊ, काम मस्त हाय, पण वडील आंबट दिसून राहिले.’ गिऱ्हाईक म्हणजे काय, हे त्या दिवशी मला कळलं असं मला वाटलं होतं. सिनेमावाले अजून यायचे होते.

ते आले ते त्या संत्र्यामुळेच. मुंबईचा एक कला-दिग्दर्शक, कपिल, जंगलातल्या जागा पाहायला नागपूरला उतरला होता. विमानतळावरून जाताना त्यानं संत्रं पाहिलं, ढाब्यावर चौकशी केली आणि थेट शेडवर आला. त्याला भाग एकसाठी चिलखतं हवी होती. लोखंडाची नव्हे, लोखंडासारखी दिसणारी. सिनेमात एकच चिलखत तीन तऱ्हांनी करावं लागतं, हे तेव्हा कळलं. एक हिरोचं, जवळून कॅमेऱ्यात दिसणारं, त्यावर सगळं नक्षीकाम. दुसरं मारामारीचं, रबराचं, पडलं तरी न लागणारं. तिसरं गर्दीचं, लांबून दिसणाऱ्या सैनिकांचं, ज्याची पाठ केली नाही तरी चालते.

हिरोचं चिलखत आम्ही जानेवारीत केलं. त्या वर्षी थंडी कडक होती. कपिलची गाडी शेडच्या दारात हॉर्न देत उभी होती, विमानाची वेळ झाली होती, आणि छातीची पाटी साच्यात अजून जमत होती. आमचे जुने कारागीर वामनराव म्हणाले, ‘थांबा जरासक, भाऊ. कच्ची हाय.’ मी थांबलो नाही. मीच ओढली. गळ्यापासून बरगडीपर्यंत टर्रकन फाटली.

कपिलनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाहणं पुरे झाल्यावर बिडी शिलगवायला बाहेर गेले. काम केलं ते नंदाताईंनी. नंदाताई आमच्याकडे फिनिशिंग करतात. उत्तर नागपुरात राहतात, नवरा वसाहतीतल्याच एका कंपनीची बस चालवतो, त्याच बसनं येतात. त्यांनी फाटलेली कड घासली, आतून मॅटच्या पट्ट्या लावल्या, वरून लांबी भरली. ती घासून सपाट करायला वेळच नव्हता. म्हणून त्यांनी उलटं केलं. लांबी उंचवट्यासारखीच ठेवली, बोटानं तिला फाटे फोडले, एक फाटा खांद्याकडे, दोन खाली, आणि त्यावर तांब्याचा रंग मारला. जुनी जखम भरून आल्यासारखं काहीतरी झालं.

‘हे काय केलं?’ मी विचारलं.

‘टाचेची भेग,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या मायच्या टाचेले अशीच हाय.’

कपिल ते काखोटीला मारून गाडीत बसला. पुन्हा आपल्याला काम मिळत नाही, असं मी धरून चाललो.

भाग एक किती चालला हे सांगायला नको. सीताबर्डीवर त्या तड्याचे टी-शर्ट विकायला आले. माझा पुतण्या दाढी करायला गेला आणि डोक्यावर तोच तडा कापून आला. लोक इंटरनेटवर त्या तड्याबद्दल वाद घालत होते. कोणी म्हणे वीज, कोणी म्हणे शाप. शेवटच्या दृश्यात हिरो किल्ल्याच्या तटावर उभा राहतो आणि कॅमेरा हळूहळू त्याच्या छातीवर जातो. थेटरात माझ्या मागे बसलेली पोरं शिट्या मारत होती. मी खुर्चीत खाली सरकत होतो. माझ्या घिसाडघाईला एवढ्या शिट्या यापूर्वी कधी पडल्या नव्हत्या.

मग यंदा एप्रिलमध्ये कपिलचा फोन आला. भाग दोन सुरू होत होता.

‘वही क्रैक चाहिए. बिलकुल वही.’

गोष्ट अशी होती की भाग दोन सुरू होतो तो भाग एक जिथे संपला त्याच क्षणी, त्याच तटावर. म्हणजे हिरोच्या अंगावर तेच चिलखत हवं. मूळचं चिलखत कुठल्याशा प्रदर्शनात नेताना चुरडलं होतं. साचा माझ्याकडे असेल असं त्यांनी गृहीत धरलं होतं. आणि साचा माझ्याकडे नव्हता. शेडमध्ये जागा कमी, साचे मोठे. छातीच्या साच्याचा पोटाकडचा भाग मी पेंग्विनच्या पोटासाठी वापरला होता. हे मी कपिलला सांगून टाकलं.

‘मतलब,’ तो म्हणाला, ‘हमारा महाराज गार्डन में कचरा खा रहा है?’

बरं, साचा असता तरी फायदा नव्हता. दोन भागांच्या मधल्या काळात हिरोनं व्यायाम करून छाती एवढी फुगवली होती की जुन्या मापात तो मावला नसता. वर नव्या गोष्टीत त्या तड्यातून उजेड बाहेर यायचा होता. हिरोच्या आईनं कुळाचा अग्नी त्याच्या छातीत लपवलेला असतो आणि तड्यातून तो झिरपतो, असं लेखकांनी ठरवलं होतं. म्हणजे तडा पारदर्शक हवा, आत दिव्यांची पट्टी हवी, पाठीला बॅटरी हवी, आणि बाहेरून हुबेहूब जुना दिसायला हवा.

कपिलनं त्याची सहायक इरा हिला आमच्याकडे पाठवलं. पुण्याची मुलगी, हुशार, कामसू. तिनं भाग एकमधली तड्याची चित्रं भिंतभर लावली आणि मला समजावलं. ‘काका, हा मुख्य प्रवाह म्हणजे मातृवंश. हे दोन फाटे म्हणजे दोन राज्यं. आणि खांद्याकडे जाणारा हा तुटका फाटा म्हणजे निर्वासित भाऊ.’

मागे नंदाताई घासत होत्या. मशीन बंद करून त्यांनी चित्राकडे पाहिलं. ‘तो तुटका नाही पोरी. तिथं माझी लांबी संपली होती.’

इरा हसली. पण तिनं ते वहीत लिहून घेतलं नाही, कारण भाग दोनमध्ये त्या निर्वासित भावाच्या भूमिकेसाठी एक मोठा नट ठरून गेला होता.

आता माझ्या वैतागाची खरी सुरुवात. कपिलचं म्हणणं, तडा घडवलेला दिसता कामा नये. नैसर्गिक हवा. ‘पहले नेचुरल टूटा था ना, फिर वैसे ही तोड़ो.’ मी त्याला सांगून थकलो की तो थंडीत कच्चा ओढल्यामुळे फाटला होता. आता एप्रिल संपत आला आहे, रेझिन कच्चं राहायला तयार नाही, मी हार्डनरची बाटली नुसती दाखवली तरी जमतं. त्याला पटेना. मग त्याच्या समाधानासाठी आम्ही नव्या पाट्या काढून त्या तोडायला लागलो.

हातोडी मारली तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडायच्या. वाकवली तर मधोमध सरळ मोडायची. शेवटी वामनराव पाटी घेऊन शेडच्या छपरावर चढले. खाली मी फोन धरून उभा, फोनमध्ये मुंबईहून कपिल. शेजारच्या बेअरिंगच्या कारखान्यातली माणसं जेवणाच्या सुट्टीत डबे घेऊन बघायला आलेली.

‘सोडू का?’ वरून वामनराव.

‘थोड़ा टेढ़ा पकड़ो, अंकल!’ फोनमधून कपिल.

‘ह्याले सांगा गा कोणीतरी, टिनपत्रा तापला हाय. मीच टेढा होऊन राहिलो.’

पाटी पडली, उसळली आणि सुरक्षित राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी पडली तिचा गळा गेला. तिसरी नेमकी नंदाताईंच्या डब्याजवळ पडली आणि भाजीत काचेची धूळ गेली. नंदाताईंनी डबा बंद केला, फोनजवळ आल्या आणि कपिलला शांतपणे म्हणाल्या, ‘साहब, आप जो देख रहे थे वो तडा नहीं है. तडा तो अंदर गया. आप मेरी लांबी देख रहे थे. तोडने से नहीं आएगी, बनाने से आएगी.’

दुसऱ्या दिवसापासून तोडणं बंद झालं. नंदाताईंनी मातीच्या मूर्तीवरच बोटानं तडा काढायला घेतला. इरा चित्र धरून बाजूला बसायची, पण नंदाताई चित्राकडे क्वचितच बघत. बोटाला ते ठाऊक होतं. अडचण उजेडाची होती. लांबीतून उजेड जात नाही. तेव्हा त्यांनी तड्याची वाट मोकळी ठेवली, तिच्यात स्वच्छ रेझिन थराथरानं ओतलं, प्रत्येक थरात तांब्याची भुकटी चिमटीनं टाकली. एकदम ओतलं तर उन्हाळ्यात तापून पिवळं पडतं, तडकतं. थर पातळ असला तर बुडबुडे. कितीतरी नमुने गेले. एका दुपारी त्यांनी दिवा लावला, तेव्हा शेडमध्ये सगळेच कामं सोडून उभे राहिले. आत निखारे धुमसावेत तसं दिसत होतं. वामनराव म्हणाले, ‘नंदाबाई, तुया मायच्या टाचेले काय उजेड पडला वं!’

त्याच दिवशी इरानं सहज एक गोष्ट सांगितली. हैदराबादजवळ शूटिंग सुरू झालं की चिलखतांसाठी पूर्णवेळ एक माणूस सेटवर लागणार होता. रोज हिरोच्या अंगावर ते चढवायचं, दिवे तपासायचे, तडा निघाला की दोन शॉटच्या मधल्या वेळात पुन्हा भरायचा, आणि आदल्या शॉटमध्ये होता तसाच भरायचा. सिनेमा उलटसुलट क्रमानं शूट होतो. सकाळी लढाईनंतरचं चिलखत, दुपारी लढाईआधीचं. प्रत्येक ओरखडा लक्षात ठेवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसची वेळ झाली तरी नंदाताई रेंगाळल्या.

‘भाऊ, त्या सेटवरच्या कामाले मले जायचं हाय.’

‘हैदराबादला? किती महिने राहावं लागेल?’

‘लागन तेवढे. यांच्याशी बोलली मी. जाय म्हणतात. इतके वर्षं मी दुसऱ्याच्या वस्तू गुळगुळीत करून राहिली. हे एक माझ्या हातचं हाय. ते कसं चालते, कसं दिसते, मले समोर उभं राहून पाहायचं हाय. डायरेक्टर साहेब येतील तेव्हा माझ्यासाठी शब्द टाकजा.’

‘टाकतो की,’ मी म्हणालो. आणि ते मी मनापासून म्हणालो. एवढं माझ्या बाजूनं लिहिलं तर चालावं.

डायरेक्टर आले ते नवतपा, म्हणजे मेअखेरचे जाळणारे नऊ दिवस, ओसरल्यावर, जूनच्या सुरुवातीला. सोबत कपिल. माणूस बोलायला साधा होता, टोपी काढून कूलरसमोर उभा राहिला. त्यानं चिलखत उन्हात पाहिलं, सावलीत पाहिलं, दिवा लावून पाहिलं, स्वतःच्या छातीवर धरून आरशात पाहिलं. मग विचारलं, ‘ये किसने किया?’

कपिलनं तोंड उघडलं होतं. मी त्याच्या आधी बोललो, त्याचा मला अजूनही थोडा अभिमान आहे. ‘नंदाताईंनी. भाग एकचा तडाही त्यांचाच. खरं सांगायचं तर मी घाईत फाडलं आणि त्यांनी सांभाळलं.’ कपिलचा चेहरा पडला. आजवर त्यानं ती कल्पना स्वतःची म्हणून सांगितली होती, हे मला तेव्हाच कळलं. डायरेक्टर मात्र मोठ्यानं हसला. नंदाताईंकडे पाहून त्यानं हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘सेट पर हमें ऐसा ही कोई चाहिए. ये आ सकती हैं क्या? सात-आठ महीने का काम है.’

नंदाताई चार पावलांवर उभ्या होत्या. हातात ब्रश होता. त्यांनी मान वर केली.

आणि मी म्हणालो, ‘नहीं सर, इनका मुश्किल है. घर-बार है, लड़की बारहवीं में है.’

मी हे का म्हणालो? इतके महिने हाच विचार करतो आहे. त्या क्षणी मला वाटलं, मी त्यांची अडचण सभ्यपणे सांगतो आहे. बाई माणसाला परक्यांसमोर नाही म्हणायला लागू नये म्हणून मीच म्हणतो आहे. हे वाटणं खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त वाईट. पण त्याच्याखाली दुसरंही होतं. पावसाळ्याआधी टाक्यांचं काम उरकायचं होतं, मंडळांच्या कमानी यायच्या होत्या, आणि नंदाताईंशिवाय फिनिशिंगला माझ्याकडे कोणी नव्हतं. शब्द टाकण्याचं मी कबूल केलं होतं. टाकला तो असा.

डायरेक्टरनं ‘ओह, समझ सकता हूं’ म्हटलं. कपिलनं लगेच हैदराबादच्या कुणा पोराचं नाव काढलं. इतक्या चटकन, की मला कळलं, तो वाटच पाहत होता. गाडी गेली. धूळ बसली.

नंदाताई मोठ्यानं बोलल्या नाहीत. ब्रश थिनरमध्ये बुडवता बुडवता म्हणाल्या, ‘भाऊ, माझ्या पोरीची बारावी झाली. तुमी पेढा खाल्ला न?’

खाल्ला होता. नुकताच. बरोबर टक्केही विचारले होते.

‘मले विचारलं काहून नाही? मी तिथंच तर उभी होती. मुकी हाय का मी?’

‘ताई, मला वाटलं...’

‘तुमाले वाटलं,’ त्या म्हणाल्या, आणि मशीन सुरू केलं. त्या मशीनच्या आवाजात बोलता येत नाही.

वामनरावांना मी नजरेनं मदत मागितली. त्यांनी दिली नाही. ‘कच्चंच ओढता तुमी, भाऊ,’ एवढं बोलून ते बिडी प्यायला गेले.

रात्री जेवताना मी हे बायकोला सांगितलं. मला वाटलं, ती समजूत घालील. ती पोळी वाढता वाढता थांबली. ‘माझ्या वतीनं किती जागी नाही म्हणाले असाल तुम्ही?’ तिनं विचारलं. चिडून नव्हे. खरोखरच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं. मी आठवू लागलो आणि मग आठवणं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी कपिलला फोन केला. चूक झाली म्हणालो, नंदाताई यायला तयार आहेत म्हणालो. तो गोड आवाजात म्हणाला, ‘भाई, सर ने आपके मुंह पर पूछा था. आपने ना बोला. अब लड़का जॉइन हो गया.’ डायरेक्टरचा नंबर मागितला, दिला नाही. इराला फोन केला. ती म्हणाली, ‘काका, तुम्ही त्यांना तिथेच का नाही बोलू दिलंत?’ आता सगळं नागपूर आणि निम्मं पुणं मला एकच प्रश्न विचारत होतं.

हे सगळं मी नंदाताईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. काम सोडलं नाही, रुसल्या नाहीत. उरलेली सगळी चिलखतं त्यांनी पूर्ण केली, हिरोचं चिलखत फोममध्ये स्वतः बांधलं. पेटी ट्रकमध्ये चढताना वामनराव नारळ फोडायला म्हणून उभे होते, त्या मात्र पाठ करून टाकी घासत होत्या. पूर्वी त्या जेवणाच्या सुट्टीत मला लोणच्याची फोड द्यायच्या, भिवापूरच्या मिरचीचं जाळ लोणचं. ते बंद झालं. नुसतं ‘हो भाऊ’, ‘नाही भाऊ’. मालकाला कामगार याहून जास्त काही देणं लागत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी रोज डबा उघडल्यावर त्यांच्या बाजूला पाहायचो.

पाऊस लागला. टाक्या गेल्या, कमानी आल्या. आणि श्रावणातल्या एका दुपारी इराचा फोन आला. तिच्या मागे मोठा गोंधळ ऐकू येत होता.

तटावरचं दृश्य सुरू होतं. तलवारीच्या झटक्यानं हिरोच्या छातीचा तडा निघाला. हैदराबादच्या त्या पोरानं बाजारातलं कुठलंसं घट्ट रसायन भरून तो बुजवला. मजबूत बुजवला, पण गुळगुळीत, काचेच्या बाटलीसारखा. दिवा लावला तर निखाऱ्याऐवजी ट्यूबलाइट. आदला शॉट आणि हा शॉट जुळेना. सेट उभा, घोडे उभे, सगळे नट रंग लावून बसलेले, आणि डायरेक्टरनं टोपी आपटली होती.

‘काका, सर म्हणताहेत त्यांना बोलवा. नंदाताईंना. येतील का त्या?’

माझ्या तोंडात ‘हो, हो, पाठवतो’ आलं होतं. खरंच आलं होतं, जिभेच्या टोकापर्यंत. हो म्हणतानाही मी त्यांच्याच वतीनं म्हणणार होतो.

‘त्यांनाच विचार,’ मी म्हणालो, आणि फोन घेऊन शेडच्या टोकाला गेलो.

नंदाताई एका कमानीच्या खांबावर मॅट अंथरून रेझिन लावत होत्या. वामनराव त्या दिवशी आले नव्हते, म्हणून तेही काम त्यांच्याकडे होतं. मी म्हणालो, ‘इराचा फोन आहे. तुमच्यासाठी.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातला मग आणि ब्रश माझ्या हातात दिला. ‘हे जमून जाईन. लावत राहा,’ म्हणाल्या आणि हात पुसून फोन घेतला.

मी लावत राहिलो. स्वतः ब्रश धरून मला बरीच वर्षं झाली होती. लक्ष खांबाकडे कमी आणि कान पाठीमागे.

‘हां इरा, बोल... कोणता फाटा निघाला? खांद्याकडचा?... त्याले हात नका लावू देऊ आता कोणाले.’ मग थोडा वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. मग भाषा बदलली, म्हणजे फोन दुसऱ्या कुणाच्या हातात गेला असणार. ‘जी नमस्ते सर... नहीं सर, वो रगडने से और बिगडेगा. पूरा निकालना पडेगा... हां, आ सकती हूं. पर एक दिन के लिए नहीं आऊंगी. आऊंगी तो आखिर तक रहूंगी.’

मी ब्रश खांबावर नुसताच ओढत होतो.

‘घर? घर में सब हैं सर, सब का हाथ-पैर चलता है... नहीं, वो लडके को मत निकालिए, मेरे साथ रखिए. सीख जाएगा. भारी पेटी कौन उठाएगा?... और नाम आता है ना आखिर में परदे पर? उसमें सिर्फ नंदा नहीं, पूरा नाम लिखना.’

मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्या वळल्या आणि त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं.

‘उनसे क्या पूछना सर?’ त्या म्हणाल्या. ‘मैं बोल रही हूं ना.’

त्यांनी फोन बंद करून माझ्या खिशात सरकवला, माझे हात भरलेले होते म्हणून. मी अभिनंदनाचं काहीतरी बोलायला लागलो. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या खांबापाशी वाकल्या, मी लावलेल्या भागावरून एक बोट फिरवलं. दोन जागी दाबलं. मॅटखाली पांढरे फुगे इकडून तिकडे सरकले.

‘हवा राहिली आत,’ त्या म्हणाल्या. ‘हे सगळं काढा लागन, भाऊ.’

मी रेझिनचा मग खाली ठेवला आणि काढायला लागलो.